ढोल, ड्रम आणि चौसष्ट मार्क

"काय गो बाय, ढोल वाजवायला शिकायचे सरकार पैसे देतंय?"

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात माझ्या आईने आपल्या नातीला हा प्रश्न विचारला. आई तेव्हा ८४ वर्षांची होती. नातीच्या हातात परदेश शिष्यवृत्तीचं पत्र होतं आणि खोलीत शेजाऱ्यांची गर्दी होती. कुणी पेढे आणले होते.

"आजी, ढोल नाही, ड्रम," मुलगी म्हणाली.

"त्येच त्ये," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी तिने पेढा खाल्ला नाही.

आमच्या मुलीने इंग्लंडात जाऊन काय शिकलं, हे मला विहारात, लग्नकार्यात, पंचायतीच्या बैठकीत आजही विचारतात. काही जण खरोखर जाणून घेण्यासाठी विचारतात, तर काहींचा सूर असा असतो की सरकारी शिष्यवृत्ती घेऊन पोरगी वाजंत्री झाली. दोघांनाही उत्तर द्यावं म्हणून हे लिहितो आहे. मी लेखक नाही. बेस्टच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि २०२३ साली फिटर म्हणून निवृत्त झालो. तीसेक वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. तेव्हा सूर कुठे चुकला तर सांभाळून घ्या.

आईने पेढा का खाल्ला नाही ते आधी सांगतो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. धर्मांतराच्या आधी आमच्या वाडीकडे गावचा खालूबाजा होता. ढोल, टिमकी, सनई. शिमग्याला पालखी निघाली की आमच्या माणसांनी पुढे वाजवायचं. सहाणेवर पालखी बसली की आपण लांब उभं राहायचं. गावात लग्न असो की देवाचं कार्य असो, सांगावा आला की काम टाकून जायचं. मजुरी ठरलेली नसे. सुगीला खळ्यावर जे भात पदरात पडेल ते खरं. नाही म्हणायची सोय नव्हती. माझे आजोबा ढोल वाजवत आणि माझे वडीलही वयाच्या बाराव्या वर्षापासून वाजवत. आई सांगते की त्यांचा हात असा होता, की ढोल डोंगरापलीकडून ऐकला तरी कोण वाजवतोय ते कळावं.

पुढे वडील मुंबईला आले आणि लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्या अफाट गर्दीत वडील होते आणि तिथेच त्यांनी दीक्षा घेतली. मग वाडीची बैठक बसली आणि १९५७ च्या शिमग्याला आमच्या वाडीने ढोल वाजवला नाही. पालखी ढोलाशिवाय निघाली. त्याची किंमत वाडीने दोन-तीन वर्षं मोजली. कामं बंद झाली, गुरांना रान बंद झालं, वाणी उधार देईना. आई तेव्हा नवी नवरी होती. वडिलांनी ढोलाची कातडी स्वतःच्या हाताने सोडवली. लाकडी खोड उरलं, त्याला एका बाजूने फळी ठोकून आईने त्यात कुळीथ भरून ठेवले. मी लहानपणी सुट्टीत गावी जायचो तेव्हा त्या खोडातून कुळीथ काढायचो. तो ढोल होता हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

तर अशी ही माझी आई. तिच्या नवऱ्याने भूक सोसून जे वाजवणं सोडलं, ते शिकायला नात विमानाने निघाली होती.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी १७ वर्षांचा होतो. घरात पाच तोंडं आणि पगार बंद. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या एका बेंजो पार्टीत टिमकीवाला कमी पडत होता, मी गेलो. पहिल्या रात्रीचे मला ३० रुपये मिळाले. ते वडिलांच्या हातात ठेवले तर त्यांनी घेतले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "वाजवायचं तर वाजव. पण आधी पैसे ठरवायचे, मग काठी उचलायची. बोलावलं म्हणून जायचं नाही." एवढंच. नंतर मी टिमकीवरून बेंजोवर गेलो, पण हा नियम कधी मोडला नाही. जयंतीला मात्र आम्ही पैसे घेत नसू.

बेंजो शिकलो कसा, तर टेपरेकॉर्डरवर. गाणं लावायचं, दोन ओळी ऐकायच्या, बटण दाबून मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. कॅसेटची फीत झिजून बाहेर यायची, मग पेन्सिलीने गुंडाळायची. ना सरगम माहीत, ना सा कुठला ते माहीत. "काळ्या तीनमध्ये वाजव," असं कीबोर्डवाला सांगायचा, मी वाजवायचो. आपल्याकडे सगळे असेच शिकले. वामनदादा कर्डक अक्षरओळखच मोठेपणी शिकले. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचं विद्यापीठ म्हणजे रस्ता, मंडप आणि मैदान. आज विद्यापीठांत वामनदादांवर पीएच.डी. होते. ते बरंच आहे, पण तिथे त्यांच्या शब्दांवर लिहिता येतं. वामनदादांसारखं हजारोंच्या सभेपुढे उभं राहून गाणं कसं उचलायचं, ढोलकीवाल्याला डोळ्याने कशी खूण करायची, हे शिकायचं तर विद्यापीठात कुठे शिकायचं? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे शाहिरी आणि तमाशा यांचा अभ्यास होतो. संगीत विभागांतून शास्त्रीय गायन आणि तबला-सतार शिकवतात. पण ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, जयंतीचा गाण्याचा स्टेज, यातलं वाजवणं कुठे शिकवलेलं मला तरी आढळलं नाही.

मुलगी १४ वर्षांची असताना तिने ड्रमचं वेड घेतलं. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात आम्ही पाच जण. ड्रमचा संच ठेवायचा कुठे आणि वाजवायचा कधी? ती उशीवर आणि डब्याच्या झाकणावर वाजवायची. पुढे मी तिला रबराचं पॅड आणून दिलं, त्यावर काठी मारली तर आवाज येतो टेबलावर बोट आपटल्याएवढा. माहीमला एक गोवेकर सर ड्रम शिकवायचे, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा खरा ड्रम मिळायचा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडेही होतात. २०१२ पासून त्यांनी रॉक आणि पॉप गाण्यांच्या वेगळ्या परीक्षा सुरू केल्या. आठ ग्रेड असतात. तीन गाणी वाजवायची, शिवाय परीक्षक ऐनवेळी जे पुढे ठेवील त्यावर वाजवून दाखवायचं. तिने बी.कॉम. करता करता आठही ग्रेड संपवल्या आणि मग दोन वर्षं एका ऑफिसात हिशेब लिहिले. लोक म्हणायचे, मुलीला ड्रम कशाला? मी गप्प बसायचो, कारण मलाही तो प्रश्न होताच.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी दरवर्षी ७५ जागा, फक्त एम.ए.सारख्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी, आणि विद्यापीठ जगातल्या नामांकित यादीतलं हवं. फी शासन भरतं. इंग्लंडात राहण्या-जेवणासाठी २०२२ मध्ये वर्षाला ९,९०० पौंड मिळत. मला वाटायचं, हे डॉक्टर-इंजिनिअरांसाठी असतं. मुलीने यादी काढली, नियम वाचले, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाला आपलं वाजवणं चित्रित करून पाठवलं आणि तिला प्रवेश मिळाला. विषय होता पॉप्युलर म्युझिक परफॉर्मन्स.

याला मराठीत काय म्हणावं यावर आमच्याकडे बराच वाद झाला. सुगम संगीत म्हणावं तर भावगीत डोळ्यापुढे येतं. लोकसंगीत म्हणावं तर भारूड-गोंधळ. मी म्हटलं, चारचौघांचं गाणं म्हण. जे गाणं राजाच्या दरबारात किंवा देवळात वाढलं नाही, पैसे देऊन कॅसेट घेणाऱ्या माणसांत वाढलं, ते.

तिकडेही विद्यापीठाचं दार या गाण्याला सहज उघडलेलं नाही. हे मुलीने सांगितलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. बीटल्सचं नाव जगभर झालं १९६० च्या दशकात, आणि त्यांच्याच लिव्हरपूल गावच्या विद्यापीठात या गाण्याच्या अभ्यासाची संस्था निघाली १९८८ साली. सॅलफर्डला त्याची पहिली पदवी सुरू झाली १९९० मध्ये. तोवर विद्यापीठात शिकायचं संगीत म्हणजे बाख आणि बीथोव्हेन. गिटारवाला पोरगा वर्गात शिरला तर नाकं मुरडत. अमेरिकेत बॉस्टनची बर्कली ही संस्था १९४५ पासून आहे, पण ती आधी धंद्यातल्या वादकांची शाळा म्हणूनच सुरू झाली. आपल्या देशात ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईला संगीतशाळा काढली. म्हणजे गोष्ट सगळीकडेच नवी आहे.

आता ती तिथे शिकली काय, ते सांगतो. तिचा पहिल्या आठवड्यातला फोन मला आठवतो. तिथे सरावाच्या खोल्या असतात. दार जाडजूड, आत ड्रमचा पुरा संच, नाव लिहून दोन तास खोली घ्यायची. ती म्हणाली, "बाबा, इथे कुणी भिंत ठोकत नाही." २४ वर्षांच्या आयुष्यात एवढा वेळ ती मोकळ्या हाताने कधी वाजवूच शकली नव्हती. आपल्या वस्तीतली मुलं हुशार असूनही मागे का पडतात याची कारणं आपण सांगत असतो. गरिबी, इंग्रजी, वशिला. जागा हेही एक कारण आहे. ज्याला आवाज करायला जागा नाही तो ड्रम शिकणार कुठे?

आठवड्यातून एकदा ड्रमचे सर एकट्याला बसवून शिकवायचे. दोन दिवस बँडचा वर्ग, त्यात गायक, गिटार, बास, कीबोर्ड असे सात जण. शिवाय व्याख्यानं, वाचन आणि लिखाण. सरांनी तिला पुन्हा मुळाक्षरांवर आणलं. ड्रमवाल्यांची ४० हातांची एक ठरलेली यादी असते, तिचं मूळ लष्करातल्या ढोलवाल्यांच्या सरावात. त्यातला पॅराडिडल नावाचा एक हात: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. वाचायला सोपं, पण मिनिटाला ६० च्या गतीपासून तो महिनाभर रोज वाजवायचा. माझ्या लक्षात आलं, आपल्या ढोलकीवाल्यांचे धिन-ता हे दुसरं काय आहे? फक्त आपण यादी केली नाही.

दुसऱ्या महिन्यात भांडण झालं. बँडच्या वर्गात बाई म्हणाल्या, तू सगळं मिरवणुकीसारखं वाजवतेस, मागचा बास ऐकूच येत नाही. मुलगी आठवडाभर रुसली. मलाही लागलं. कारण तो हात माझा होता. मागे ट्रक, पुढे फटाके, बाजूला दुसरं मंडळ, अशात आम्ही वाजवलं. हळू वाजवलं तर ऐकणार कोण? तिला माझ्यासोबत ऐकून ऐकून तोच हात बसला होता. मी तिला फोनवर रागाने सांगितलं की त्या बाईंना एकदा १४ एप्रिलला मुंबईला बोलाव. पण आठवड्याने तिचंच डोकं शांत झालं. बाईंनी तिला एक काम दिलं होतं, पूर्ण गाणं इतकं हळू वाजवायचं की गायकाला माइक लागू नये. ते तिला जमलं नाही. तासभर प्रयत्न केला तरी जमेना. मोठं वाजवणं ही ताकद आणि हळू वाजवणं हे भित्रेपण असं आम्ही समजत आलो. हळू वाजवायला मनगट जास्त तयार लागतं, हे मला साठीला आल्यावर मुलीकडून कळलं.

लिखाणात तर ती सपशेल आपटली. पहिल्या निबंधाला ५२ गुण. तिथे पन्नासला पास. बाईंनी खाली लिहिलं होतं की यात पुस्तकं आहेत, पण तू कुठे आहेस? आपल्या शाळा-कॉलेजात उत्तरपत्रिकेत "मी" लिहिलं तर मास्तर गुण कापतात. तिथे वादकाने आपण कसे शिकलो, काय चुकलो, का बदललो, हे स्वतःच्या नावाने लिहायचं असतं. त्याच सुमारास तिला लुसी ग्रीन या इंग्रज प्राध्यापिकेचं पुस्तक मिळालं. रॉक-पॉप वाजवणारी मुलं कशी शिकतात, यावर त्या बाईंनी वादकांना भेटून लिहिलं आहे. ही मुलं शिक्षकाशिवाय, रेकॉर्ड ऐकून ऐकून, मित्रांच्या घोळक्यात शिकतात आणि तीही एक शिकण्याची रीत आहे, असा त्याचा सारांश. मुलीने मला फोन केला, "बाबा, तुमची कॅसेट या पुस्तकात आहे." तिने पुढचा निबंध माझ्या टेपरेकॉर्डरवर लिहिला. ६६ गुण मिळाले. मी त्याची प्रत काढून घेतली आहे. इंग्रजी असल्यामुळे धड वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

त्या निबंधासाठी तिने बेंजोचा इतिहासही शोधला. आमचं हे वाद्य म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, तारांचं, मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वाजवायचं हे वाद्य मूळ जपानचं. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने ते बनवलं. जपानीत ताइशोगोतो, हिंदुस्थानात आल्यावर बुलबुल तरंग, आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून कर्ण्यावर चढवलं तेव्हा बेंजो. तीस वर्षं जे मांडीवर घेतलं त्याचा बाप मला माहीत नव्हता. आज जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावून बेंजो पार्ट्यांना आपणच घरी बसवलं आहे. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं आहे, इथे नको.

एक विषय मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला. करार आणि मानधन. गाणं ठरवताना कागदावर काय लिहून घ्यायचं, रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्याचा पुढच्या कमाईत हक्क कसा असतो, हे त्यांना वर्गात शिकवतात. इंग्लंडात वादकांची युनियन १८९३ पासून आहे, मँचेस्टरला सुरू झाली. कार्यक्रमाचे किमान दर ती जाहीर करते. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, त्यात गीतकार-संगीतकारांना आणि सादर करणाऱ्यांना पुढच्या कमाईत वाटा सांगितला आहे. कॅसेटच्या काळात आपली किती माणसं एकरकमी पैसे घेऊन गाऊन-वाजवून मोकळी झाली! गाणं वर्षानुवर्षं वाजत राहिलं आणि गाणारा खोलीचं भाडं थकवून बसला. मुलगी हे सारं सांगत होती आणि मला जेवणाच्या ताटावरचे वडील दिसत होते. आधी पैसे ठरवायचे, मग काठी उचलायची.

शेवटची परीक्षा म्हणजे ४० मिनिटांचा कार्यक्रम. वादक आपण जमवायचे, गाणी आपण निवडायची, आवाजाची तपासणी आपण करून घ्यायची, आणि कुठलं गाणं का घेतलं ते छापून परीक्षकांना द्यायचं. इथे खरा पेच आला. तिच्या मनात होतं की आजोबांचा खालूबाजाचा ठेका ड्रमवर आणावा. तिने तो कधी ऐकला नव्हता. मीही नाही. वाडीत आता माहीत असलेलं एकच माणूस, माझी आई. मुलीने फोनवर आजीला विचारलं. आई म्हणाली, "त्ये वाजवायचं न्हाय असं ठरलंय आपलं." मुलीने पुष्कळ समजावलं. हा आपला कलेचा वारसा आहे, इथे मान आहे, कुणी हलकं समजत नाही. आईने फोन माझ्याकडे दिला आणि ती गॅलरीत निघून गेली.

रात्री मुलीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. वाजवू की नको?" इंटरनेटवर दुसऱ्या गावांच्या खालूबाजाची चित्रं होती, ठेका उचलणं तिला अवघड नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. एका बाजूने वाटे, त्या ढोलात काय दोष होता? दोष वाजवायला लावणाऱ्यांचा. कला आपली, ती का टाकायची? दुसऱ्या बाजूने वाटे, ज्या माणसांनी उपाशी राहून ती बंद केली, त्यांतलं एक माणूस अजून जिवंत आहे आणि ते नाही म्हणतंय. त्या पिढीला कधी कुणी "वाजवणार का?" असं विचारलंच नव्हतं. आता विचारलंय तर तिचं नाही ऐकायला हवं. मी मुलीला एवढंच सांगितलं की आजी आहे तोवर नको. तिने वाद घातला नाही, पण तिला ते पटलं नव्हतं हे मला कळलं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माझंही मन पूर्ण बसलेलं नाही, खरं सांगायचं तर.

त्याऐवजी तिने आमच्या बेंजो पार्टीचा मिरवणुकीचा ठेका घेतला. २०२३ च्या जूनमध्ये कार्यक्रम झाला. तिथले दुपारचे ४ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. आमच्या खोलीत आणि बाहेर गॅलरीत मिळून चाळीसेक माणसं एका मोबाइलकडे बघत होती. दोनदा फोन तुटला. पहिली तीन गाणी इंग्रजी, ती आमच्या डोक्यावरून गेली. मग मिरवणुकीचा ठेका सुरू झाला. सुरुवात तिने इतकी हळू केली की आम्हाला वाटलं पुन्हा फोन बंद पडला. मग लांबून मिरवणूक येत असावी तसा आवाज वाढत गेला. आमच्या पार्टीचा जुना टिमकीवाला बाजूला उभा होता, त्याने माझा दंड धरला. आई खाटेवर बसून होती. ती काही बोलली नाही.

गुण पडले चौसष्ट. शेजारी विचारू लागले, "चौसष्टच? डिस्टिंक्शन नाही?" त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तिकडे सत्तरच्या वर डिस्टिंक्शन, साठच्या वर मेरिट. तिला मेरिट मिळालं. पण आपल्याकडे नव्वद टक्केवाल्या पोरांच्या सत्काराची सवय, त्यामुळे विहारातल्या सत्कार समारंभाच्या यादीत तिचं नाव आलंच नाही. मुलीला त्याचं हसू आलं, मला नाही आलं.

ती त्या वर्षाअखेरीस परत आली. नोकरीचं काय, हा प्रश्न अजून आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एका वर्षाची इंग्लंडची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे मान्य करण्याचा करार जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत झाला आहे. पण कॉलेजात शिकवायचं तर नेट परीक्षा हवी, आणि नेटच्या संगीत विषयात हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत आणि तबला-मृदंगासारखी तालवाद्यं आहेत. हिचा ड्रम त्यात बसत नाही. ती कार्यक्रमांत वाजवते, रेकॉर्डिंगला जाते, एका खाजगी शाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवते. एखाद्या महिन्याला ४० हजार येतात, एखाद्या महिन्याला ९ हजार. हिशेबाच्या ऑफिसात राहिली असती तर आज नेमका पगार आला असता. म्हणून जे आईबाप मला विचारतात त्यांना सांगतो, शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर पाठवा. पण खोली गहाण टाकून, कर्ज काढून या शिक्षणाला कुणी जाऊ नये, असं माझं मत आहे. मुलीचं मत वेगळं आहे. आणि मुलाला पाठवायच्या आधी चार-पाच वर्षं ग्रेडच्या परीक्षा देऊ द्या. वेड टिकतं का, ते त्यात कळतं.

गेल्या पावसाळ्यातली एक दुपार सांगायची राहिली. मुलगी पॅडवर काहीतरी वाजवत बसली होती, आई खाटेवर पडून. मी दारात होतो. आई एकाएकी म्हणाली, "उजवा हात उशिरा पडतोय तुजा." मुलगी थांबली. आईने खाटेच्या लाकडावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. दोनदा. मग हात पदराखाली घेतला. मुलीने ते लिहून ठेवलं की नाही, मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी विहाराच्या खालच्या हॉलमध्ये ती वस्तीतल्या सहा मुलांना शिकवते. रबराची पॅडं तिने आपल्या पैशाने आणली. महिना ३०० रुपये फी, आणि ती पहिल्या तारखेला. या वर्षी जयंतीच्या आधी एका मंडळाची चार पोरं घरी आली. म्हणाली, "काका, यंदा स्पीकर नाही, पोरांचं पथक लावायचंय. ताई आपलीच आहे, वाजवेल ना?" मी हो म्हणणार होतो. जयंतीला पैसे न घेण्याची आमची रीत मी वर सांगितलीच आहे. मुलगी काही बोलेना, माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात खाटेवरून आईचा आवाज आला.

"आधी पैसे ठरवा."

पोरं गोंधळली. एकाने रागाने चपला घातल्या, दुसऱ्याने त्याला थांबवलं. अर्धा तास बोलणं झालं. शेवटी साडेतीन हजारांवर ठरलं, मुलांच्या चहापाण्याचं वेगळं.